वाचकांचे प्रश्न : विमान एकाचं, सुटे भाग अनेकांचे

प्रश्न : बोइंग आणि एअरबस एकमेकांचे कट्टर स्पर्धक. मग दोघांच्याही विमानांना सीएफएमची इंजिनं कशी?

उत्तर : नवं इंजिन तयार करायला इतका पैसा आणि इतकी वर्षं जातात, की एकाच गिऱ्हाइकावर ती वसूल होणं कठीण. म्हणून इंजिनवाल्याला दोन्ही दारं उघडी ठेवावी लागतात. सीएफएम तर मुळातच भागीदारी आहे. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक आणि फ्रान्सची स्नेक्मा (आजची साफ्रान) यांनी १९७४ मध्ये ती निम्म्या-निम्म्या वाट्याने उभी केली.

कामाची वाटणी बघण्यासारखी आहे. इंजिनाचा गाभा, म्हणजे हवा दाबणारा उच्चदाबाचा कंप्रेसर, ज्वलनकक्ष आणि तापलेल्या वायूने फिरणारी उच्चदाबाची टर्बाइन, जनरल इलेक्ट्रिकचा. पुढचा मोठा पंखा आणि कमी दाबाची टर्बाइन स्नेक्माची. हा गाभा अमेरिकेच्या बी-१ या लष्करी बॉम्बर विमानाच्या इंजिनातून आलेला, त्यामुळे तो परदेशी जाऊ द्यायला अमेरिकी सरकार आधी तयार नव्हतं. पैशाचं सूत्र असं : विक्रीची रक्कम वाटून घ्यायची, पण आपापल्या भागांचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा. मग एकमेकांच्या वह्या तपासाव्या लागत नाहीत आणि ज्याने खर्च वाचवला, फायदा त्याच्याच पदरी पडतो. ही भागीदारी इतकी वर्षं टिकली ती आमच्या मते या सूत्रामुळेच.

मात्र एकच इंजिन जसंच्या तसं दोन्हीकडे बसत नाही. बोइंग ७३७ जमिनीपासून फार ठेंगणं. १९८४ मध्ये सेवेत आलेल्या ७३७-३०० साठी पंख्याचा व्यास ६० इंचांवर आणला, इंजिनाच्या पोटाखालची उपकरणं बाजूला सरकवली आणि आवरणाचा तळ चपटा केला. समोरून पाहिलं तर इंजिनाचं तोंड खालून दाबल्यासारखं दिसतं, ते त्यामुळे. पुढच्या पिढीच्या लीप इंजिनातही हा फरक उरलाच : एअरबस ए३२० निओला ७८ इंची पंखा, बोइंग ७३७ मॅक्सला सुमारे ६९ इंची.

प्रश्न : निरनिराळ्या देशांत केलेले भाग एकत्र आणल्यावर नीट बसतात का?

उत्तर : बहुतेक वेळा बसतात. बिघडतं ते एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं त्या सीमेवर.

एअरबस ए३८० मध्ये सुमारे ५३० किलोमीटर तारा आहेत. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे अभियंते कॅटिया या आराखड्याच्या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, फ्रान्समधल्या तुलूझचे पाचवी. तारांच्या वळणांची माहिती एका आवृत्तीतून दुसरीत नीट उतरली नाही. त्यात बऱ्याच तारा ॲल्युमिनियमच्या; त्यांना तांब्याच्या तारेपेक्षा ऐसपैस वळण द्यावं लागतं, म्हणजे लांबीही जास्त लागते. हॅम्बुर्गहून तारांचे जुडगे आत बसवलेले धडाचे भाग तुलूझला आले, तेव्हा काही जुडगे कनेक्टरपर्यंत पोहोचेनात. काही सेंटीमीटर आखूड पडले. मध्ये तुकडा जोडून भागत नाही. जुडगा काढायचा, मार्ग नव्याने आखायचा, पुन्हा बसवायचा. शिवाय प्रत्येक विमान कंपनीच्या आसनांची आणि त्यांच्या टीव्ही-पडद्यांची मांडणी वेगळी, त्यामुळे एका विमानावरची दुरुस्ती दुसऱ्याला जशीच्या तशी लागू पडेना. पहिलं विमान ग्राहकाच्या हाती पडलं ते ऑक्टोबर २००७ मध्ये, ठरल्यापेक्षा दीड वर्षाहून उशिरा.

बोइंग ७८७ चं दुखणं वेगळं होतं. पंख जपानहून, धडाचे काही भाग इटलीहून. पुरवठादारांनी भाग आतल्या नळ्या-तारांसह पूर्ण करून पाठवायचे आणि बोइंगने ते फक्त जोडायचे, असं ठरलं होतं. आले ते अर्धवट. विमानाच्या दर्जाचे बोल्ट-रिव्हेट बाजारात पुरेसे मिळेनात, म्हणून ८ जुलै २००७ ला समारंभात दाखवलेलं विमान ठिकठिकाणी तात्पुरत्या फास्टनरवर उभं होतं. ते नंतर शोधून, काढून, भोकं तपासून बदलावे लागले. पुढे २००९ मध्ये पंख आणि धड यांच्या जोडापाशीही मजबुतीकरण करावं लागलं. पहिलं उड्डाण झालं १५ डिसेंबर २००९ ला.

प्रश्न : एअरबसचे भाग पूर्वी बोइंगच्या विमानातून नेत, हे खरं?

उत्तर : खरं आहे. सुपर गपी हे जुन्या बोइंग स्ट्रॅटोक्रूझर घराण्यातल्या विमानाचं धड फुगवून केलेलं मालवाहू विमान. एअरबसचे पंख आणि धडाचे भाग त्यातून तुलूझला येत. १९९० च्या दशकात बेलुगाने त्याची जागा घेतली.

प्रश्न : स्पर्धेत दोघंही बुडाल्याचं उदाहरण आहे का?

उत्तर : मॅकडॉनल डग्लसचं डीसी-१० आणि लॉकहीडचं ट्रायस्टार. दोन्ही तीन इंजिनांची, जवळपास एकाच आकाराची. पहिली उड्डाणं ऑगस्ट आणि नोव्हेंबर १९७० ची. बाजारपेठ होती एकाच विमानापुरती. त्यात ट्रायस्टारचं इंजिन करणारी रोल्स-रॉइस फेब्रुवारी १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि विमान रखडलं. एकूण २५० ट्रायस्टार बांधून लॉकहीड प्रवासी विमानांतून बाहेर पडली. डीसी-१० लष्करी विमानांसह ४४६ वर थांबलं आणि मॅकडॉनल डग्लस १९९७ मध्ये बोइंगमध्ये विलीन झाली.

हे टाळण्यासाठी १९९३ मध्ये बोइंग आणि एअरबसमधल्या भागीदार कंपन्या महाकाय विमानाचा एकत्र अभ्यास करायला बसल्या होत्या. १९९५ मध्ये तो प्रयत्न सुटला. एअरबसने एकटीने ए३८० केलं, आणि ती बाजारपेठ एका विमानालाही पुरली नाही : २५१ विमानं देऊन २०२१ मध्ये उत्पादन बंद झालं.