ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे पहिले विजेतेपद कोणाचे : १८७७ चे कार्लटन की १८९७ चे एसेंडन?

आपला प्रश्न असा आहे की, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या जुन्या विजेत्यांच्या एका यादीत पहिले नाव कार्लटनचे (१८७७) दिसते, तर दुसरीत एसेंडनचे (१८९७). यांपैकी बरोबर कोणती, आणि त्या काळातले मोठे खेळाडू कोण होते. मी बरीच वर्षे मेलबर्नमध्ये राहतो आणि येथे आल्यावर क्रिकेटच्या आवडीतूनच या खेळाच्या इतिहासाकडे वळलो, कारण दोन्ही खेळांचे मैदान एकच आणि सुरुवातीची माणसेही बव्हंशी तीच. थोडक्यात सांगायचे तर दोन्ही याद्या बरोबर आहेत, परंतु त्या दोन वेगळ्या संस्थांच्या आहेत. माझे स्वतःचे मत १८७७ च्या बाजूचे आहे. मात्र त्या वर्षी ‘विजेतेपद’ या शब्दाचा अर्थ आजच्यासारखा नव्हता, आणि हा मुद्दा नीट समजला नाही तर पुढचे सगळे आकडे फसवे ठरतात.

खेळाचा उगम थोडक्यात सांगतो. टॉम विल्स हा इंग्लंडमधील रग्बी शाळेत शिकून १८५६ च्या अखेरीस परतलेला उत्तम क्रिकेटपटू होता. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे आखडू नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, असे पत्र त्याने जुलै १८५८ मध्ये मेलबर्नच्या एका क्रीडापत्राला लिहिले. त्याच वर्षी ७ ऑगस्टला स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या दोन शाळांमध्ये, आज जेथे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आहे त्याच्या लगतच्या मोकळ्या रानात, प्रत्येकी चाळीस मुलांचा सामना झाला. तो तीन वेगवेगळ्या शनिवारी खेळूनही एकेक गोलच्या बरोबरीत राहिला. त्या सामन्याच्या दोन पंचांपैकी एक विल्स होता, आणि त्या प्रसंगाचे शिल्प आज त्या मैदानाबाहेर उभे आहे. १७ मे १८५९ रोजी विल्स, हॅमर्सली, थॉम्पसन आणि स्मिथ या चौघांनी एका हॉटेलात बसून नियम लिहून काढले. पुढे १८६६ मध्ये विल्सचा नातलग एच. सी. ए. हॅरिसन याच्या पुढाकाराने त्यांची फेररचना झाली. चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याने तो ठरावीक अंतरावर जमिनीवर टप्पा देऊन पुन्हा पकडावा, ही या खेळाची खूण त्या नियमांत पक्की झाली.

विल्सने हा खेळ आदिवासी ऑस्ट्रेलियनांच्या चेंडूच्या खेळावरून घेतला, असेही काही जण मानतात. तो लहानपणी आदिवासी मुलांबरोबर वाढला हे खरे आहे, आणि १८६१ मध्ये क्वीन्सलंडमध्ये आदिवासींच्या हल्ल्यात वडील मारले गेल्यानंतर पाचच वर्षांनी त्याने आदिवासी क्रिकेट संघाला शिकवले, हेही खरे आहे. परंतु फुटबॉलच्या नियमांवर त्या खेळाचा प्रभाव पडल्याचा समकालीन लेखी पुरावा मिळालेला नाही, म्हणून मी त्या मताला इतिहास म्हणणार नाही.

आता विजेतेपदाकडे वळू. १८६० च्या दशकात काही संस्थांनी आव्हान-चषक ठेवले होते. ज्याच्याकडे चषक, त्याला इतरांनी आव्हान द्यायचे आणि हरवले तर चषक घेऊन जायचा, अशी ती पद्धत होती. कुस्तीच्या गदेसारखी म्हणा हवे तर. सर्व क्लबांवर देखरेख करणारी संस्था मात्र १८७७ मध्येच आली. त्या वर्षी ३० एप्रिलला ॲडलेडमध्ये साउथ ऑस्ट्रेलियाची आणि ७ मे रोजी मेलबर्नमध्ये व्हिक्टोरियाची संघटना स्थापन झाली. या व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनचा पहिला विजेता म्हणजे आपल्या यादीतले कार्लटन.

परंतु हा विजेता ठरला कसा? अंतिम सामना नव्हता. सर्वांनी सारखे सामने खेळावेत असे वेळापत्रकही नव्हते. क्लबांचे चिटणीस एकत्र बसून आपापसांत तारखा ठरवत. मोठा क्लब दुबळ्याशी खेळताना आपले वीस खेळाडू उतरवी आणि समोरच्याला त्याहून जास्त उतरवायची मुभा देई. बरोबरीच्या सामन्यांचे, सोप्या सामन्यांचे आणि गावाबाहेरच्या सामन्यांचे मोल सारखे नव्हते. हंगामाच्या शेवटी ज्याचे पराभव सर्वांत कमी त्याला वर्तमानपत्रे विजेता म्हणत, आणि बहुतेक वेळा त्यावर एकमत होई. गुणांची रीतसर पद्धत १८८८ मध्ये आली. शिवाय त्या काळी फक्त गोल मोजले जात. बाजूच्या खांबांमधून चेंडू गेला तर तो ‘बिहाइंड’ म्हणून नोंदला जाई, पण निकालात त्याला किंमत नसे.

१८७७ ते १८९६ या वीस वर्षांचा हिशेब असा लागतो : जिलाँग सात, साउथ मेलबर्न पाच, एसेंडन चार, कार्लटन दोन, फिट्झरॉय आणि कॉलिंगवूड प्रत्येकी एक. जिलाँगने १८७८ ते १८८० आणि १८८२ ते १८८४ अशी दोनदा सलग तीन विजेतेपदे घेतली. व्हिक्टोरियाची राजधानी मेलबर्नपासून सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवरच्या बंदराच्या गावाने राजधानीला इतकी वर्षे नमवले, ही गोष्ट मला फार आवडते. या संघात १८८३ चा कर्णधार होता चार्ल्स ब्राउनलो. आज हंगामातील सर्वोत्तम व प्रामाणिक खेळाडूला मिळणारे ब्राउनलो पदक त्याच्याच नावाचे आहे, पण ते १९२४ पासूनचे असल्यामुळे आपल्या काळातील कोणालाही मिळालेले नाही.

त्या काळचा एकच सामना पाहायला मिळणार असेल तर मी ४ सप्टेंबर १८८६ चा निवडेन. जिलाँग आणि साउथ मेलबर्न दोघेही तोवर अपराजित होते. साउथ मेलबर्नच्या मैदानावर ३४,१२१ प्रेक्षकांची नोंद झाली. त्या वेळी मेलबर्नची सारी वस्ती पाच लाखांच्याही आत होती, हे लक्षात घेतले तर हा आकडा काय आहे ते कळते. जिलाँग चार गोल विरुद्ध एक असे जिंकले आणि तो संपूर्ण हंगाम अपराजित राहिले. अंतिम सामना नसला तरी लोकांनी त्या दिवशी अंतिम सामनाच पाहिला, असे मला वाटते.

खेळाडूंमध्ये पहिले नाव जॉर्ज कूल्थर्डचे घेतले पाहिजे. कार्लटनचा हा गडी १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अनेकांच्या मते सर्वोत्तम खेळाडू होता. क्रिकेटचे वाचक त्याला वेगळ्या कारणाने ओळखत असतील. वयाच्या बावीसाव्या वर्षी त्याने कसोटी सामन्यात पंचाचे काम केले. त्यानंतर लवकरच, फेब्रुवारी १८७९ मध्ये, सिडनीत त्याने बिली मर्डॉकला धावबाद दिले आणि त्या निर्णयावरून प्रेक्षक मैदानात घुसून दंगल झाली. १८८२ मध्ये तो एकमेव कसोटी खेळला आणि पुढच्याच वर्षी क्षयाने, तिशीही न गाठता, वारला.

दुसरे नाव अल्बर्ट थरगुडचे. १८९१ ते १८९४ ही चारही विजेतेपदे एसेंडनची, आणि १८९३ मध्ये तर एसेंडन एकही सामना हरले नाही. थरगुड १८९२ मध्ये अठराव्या वर्षी संघात आला आणि तिन्ही हंगामांत गोल करणाऱ्यांमध्ये पहिला राहिला. १८९३ आणि १८९४ मध्ये त्याचे गोल साठांच्या वर गेले, आणि हे अशा काळात, जेव्हा अख्खा संघ एका सामन्यात चार-पाच गोल करून जिंकत असे. १८९९ मध्ये त्याने मारलेली एक लाथ मोजली गेली, ती १०७ यार्ड, २ फूट आणि १ इंच भरली. वारा पाठीशी होता हे सर्वांना मान्य आहे. तरीही शंभर मीटरला जेमतेम दीड मीटर कमी, हे अंतर थक्क करणारे आहे.

अशी कीर्ती असूनही हे सर्व आज अधिकृत गणनेत का नाही, याचे कारण पैशात आहे. १८९० च्या दशकात व्हिक्टोरियात बँका बुडाल्या आणि मंदी आली. असोसिएशनमध्ये तेरा क्लब होते, तिकिटांचा गल्ला थोड्याच मोठ्या क्लबांमुळे जमे, आणि दुबळ्यांना त्यात वाटा द्यावा असा आग्रह सुरू झाला. मोठ्यांना ते मानवले नाही. ऑक्टोबर १८९६ च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी वेगळे होण्याचा निर्णय घेतला, आणि गंमत अशी की त्याच दिवसांत जुन्या संघटनेत प्रथमच विजेता ठरवण्यासाठी वेगळा सामना खेळवावा लागला. कॉलिंगवूड आणि साउथ मेलबर्न यांचे गुण सारखे झाले होते; कॉलिंगवूडने, म्हणजे १८९२ मध्ये जन्मलेल्या क्लबने, सहा गोल विरुद्ध पाच असा तो जिंकला.

आठ क्लबांची व्हिक्टोरियन फुटबॉल लीग मे १८९७ मध्ये सुरू झाली. आजची राष्ट्रीय लीग ही तिचीच वारस असल्यामुळे ती १८९७ पासूनच मोजते, आणि जिलाँगची सात विजेतेपदे तिच्या लेखी नसल्यासारखीच आहेत. हा मला अन्याय वाटतो. क्लब तेच, खेळाडू तेच, प्रेक्षक तेच. बदलली ती फक्त कचेरी. एक महत्त्वाचा फरक मात्र झाला : गोलला सहा आणि बिहाइंडला एक गुण देण्यात येऊ लागला. म्हणून १८९७ च्या आधीच्या आणि नंतरच्या निकालांची थेट तुलना करू नये.

लीगला विजेता ठरवण्याची पद्धत लगेच सापडली नाही. १८९७ मध्ये पहिल्या चार संघांनी पुन्हा एकमेकांशी खेळायचे होते. एसेंडनने तिन्ही सामने जिंकले, त्यामुळे अंतिम सामन्याची गरजच उरली नाही. मेलबर्नविरुद्धच्या त्यांच्या सामन्यात एकूण एकच गोल झाला आणि निकाल १४ विरुद्ध ८ गुण असा लागला. पहिली ‘ग्रँड फायनल’ १८९८ ची. तीत फिट्झरॉयने एसेंडनला ३८ विरुद्ध २३ ने हरवले, आणि पुढच्या वर्षी साउथ मेलबर्नला अवघ्या एका गुणाने. १९०० मध्ये तर आठांत सहावा आलेला मेलबर्न संघ विजेता झाला, कारण नियमांनुसार सर्वांनाच अंतिम फेरीत प्रवेश होता. १९०१ मध्ये चारच संघांना प्रवेश ठेवला, तेव्हा पहिला आलेला जिलाँग एका पराभवाने बाहेर पडला, आणि थरगुडच्या तीन गोलांच्या बळावर एसेंडनने कॉलिंगवूडला ४३ विरुद्ध १६ असे नमवले. त्यानंतर, पहिल्या क्रमांकाच्या संघाला हरल्यास पुन्हा आव्हान देण्याचा हक्क मिळाला. ‘अर्गस’ या वर्तमानपत्राच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत पुढे बराच काळ टिकली.

जाता जाता सेंट किल्डाचाही उल्लेख करतो : तो क्लब लीगमधील पहिले अठ्ठेचाळीस सामने ओळीने हरला. १९०० मध्ये मिळालेला पहिला विजयही मुळात बरोबरीचा सामना होता. तक्रार मान्य होऊन प्रतिस्पर्ध्याचा एक गुण कमी झाला तेव्हा तो विजय ठरला.

या दुसऱ्या टप्प्यातील दोन माणसांची नावे मी जरूर घेईन. जॅक वॉरल हा फिट्झरॉयचा जुना कर्णधार आणि अकरा कसोटी खेळलेला क्रिकेटपटू. १९०२ पासून त्याने कार्लटनचा कारभार हातात घेतला, खेळाडूंच्या सरावाला आणि वागण्याला शिस्त लावली, आणि १९०६, १९०७, १९०८ अशी तीन विजेतेपदे मिळवून दिली. प्रशिक्षक ही या खेळातली स्वतंत्र भूमिका त्याच्यापासून सुरू झाली असे मानतात. दुसरा जो जॉन्सन. १९०४ मध्ये फिट्झरॉयकडून खेळलेला तो लीगमधील पहिला ज्ञात आदिवासी खेळाडू. त्या वर्षीच्या आणि पुढच्या वर्षीच्या दोन्ही विजेत्या संघांत तो होता. त्याच्याही आधी, १८७२ मध्ये, अल्बर्ट ‘पॉम्पी’ ऑस्टिन हा आदिवासी धावपटू जिलाँगकडून खेळला होता.

काही संकेतस्थळांवर आपल्याला ‘वसाहतीचा सर्वोत्तम खेळाडू’ अशी वर्षवार यादी दिसेल. ती १८५६ पासून सुरू होते, म्हणजे नियम लिहिले जाण्याच्याही तीन वर्षे आधीपासून. ती विसाव्या शतकात एका पत्रकाराने मागे वळून रचलेली आहे. तिचा आधार घेताना जपून असावे.

शेवटी, ‘संपूर्ण ऑस्ट्रेलियाचा विजेता’ असा किताबही होता, आणि तो व्हिक्टोरियाकडे नेहमी राहिला नाही. साउथ ऑस्ट्रेलियात नॉरवूडने १८७८ ते १८८३ अशी सलग सहा विजेतेपदे घेतली होती. १८८८ मध्ये त्याने मेलबर्नच्या विजेत्या साउथ मेलबर्नला हरवून तो किताबही मिळवला, आणि १८९० मध्ये पोर्ट ॲडलेडने तेच केले. विसाव्या शतकाच्या आरंभी हे सामने अधिक नियमित झाले. १९१४ मध्ये पोर्ट ॲडलेडने आपल्या स्पर्धेतला एकही सामना न गमावता अंतिम सामन्यात नॉर्थ ॲडलेडला फक्त एका गोलवर रोखले, नंतर मेलबर्नच्या विजेत्या कार्लटनला हरवले, आणि तेवढ्यावर न थांबता उरलेल्या सर्व क्लबांतून निवडलेल्या साउथ ऑस्ट्रेलियाच्या संघालाही धूळ चारली. तोवर युरोपात महायुद्ध सुरू झाले होते, आणि त्या संघातील काही खेळाडू पुन्हा मैदानावर परतले नाहीत.