कूलर उतरवा, पडदे लांब करा, शेगडी अंगणात ठेवा

नवरात्र संपून दिवाळीची साफसफाई सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूरच बदलतो. उन्हाळाभर "घर थंड कसं ठेवू?" विचारणारे ग्वाल्हेरकर आता "घर उबदार कसं करू?" विचारतात. आपल्याकडचा शरद असतोच विचित्र. ऑक्टोबरात दुपारी तेहतीस-चौतीस अंश, पंखा चालूच. पहाटे मात्र पायाशी चादर शोधायची वेळ. नोव्हेंबर संपता संपता पहाटेचा पारा दहा-बारावर येतो. त्यामुळे बाडा परिसरातल्या दुकानांतून उशा, गालिचे नि सुगंधी मेणबत्त्या आणण्याआधी दोनच गोष्टी पाहा, असं माझं पहिल्यापासूनचं म्हणणं आहे: दिवसा ऊन घरात कुठून येतं आणि रात्री वारा कुठून शिरतो. बाकीची हौस नंतर.

प्रश्न : लग्न होऊन पुण्याहून जनकगंजमधल्या जुन्या घरात आले. जाड दगडी भिंती, दगडी पटियांचं (लांब, सपाट दगडांचं) छत, खाली फरशी. जूनमध्ये हे घर छान वाटलं, पण आता संध्याकाळ झाली की खोल्या काळोख्या आणि थंडगार वाटतात. सासूबाईंना भिंतीत खिळे ठोकलेले चालत नाहीत. काय करता येईल?

खिळ्यांच्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूने आहे. जुन्या चुन्याच्या गिलाव्यात खिळा ठोकला की मूठभर गिलावा हातात येतो.

तुमच्या भिंती दीड-दोन फूट जाड असणार. एवढ्या दगडातून बाहेरचं ऊन आत पोचायला अर्धा दिवस तरी जातो. मे-जूनमध्ये त्याचाच फायदा होतो. आत्ताही दिवसाची ऊब रात्री थोडी मिळते, पण खोली एकदा गार पडली की लवकर तापत नाही. म्हणून अख्खं घर उबदार करण्याच्या मागे लागू नका. एक खोली, खरं तर खोलीतला एक कोपरा निवडा आणि संध्याकाळी सगळे तिथे बसतील असं करा. जुन्या घरांत हे पूर्वीपासून चालत आलंय. ऋतू बदलला की माणसं घरातल्या घरात बसायची जागा बदलायची.

सुरुवात जमिनीपासून करा. फरशी आणि लाकडी पाट एकाच खोलीत, एकाच तापमानाला असतात, तरी फरशी जास्त गार लागते, कारण दगड पायातली उष्णता भराभर ओढून घेतो. आधी सतरंजी घाला, तिच्यावर जुनी गोधडी आणि सर्वांत वर गालिचा. नुसता महागडा गालिचा फरशीवर टाकण्यापेक्षा हे तीन थर जास्त उपयोगी, कारण थरांमध्ये हवा अडकते. गालिचा घ्यायचाच असेल तर तो गावातलाच बघा. ग्वाल्हेरच्या हाताने विणलेल्या गालिच्यांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. घेताना उलटा करून पाठ बघा. हाताच्या गाठींचा गालिचा असेल तर पुढची नक्षी पाठीवरही स्पष्ट दिसते आणि झालर गालिच्याच्या ताण्यातूनच निघालेली असते. पाठीला कापड चिकटवलेलं असेल आणि झालर वेगळी शिवलेली असेल, तर ते काम दुसरं आणि त्याचा भावही दुसरा.

दगडी भिंतीला टेकून बसलं की दहा मिनिटांत पाठ गार पडते. तिथे लोड-तक्के भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, किंवा लाकडी घोडीवर खेस (जाड सुती चादर) टाकून ती मागे उभी करा. खिळ्याचा प्रश्नच उरत नाही.

आता उजेड. काळोख्या खोलीत लोक छताला मोठी पांढरी ट्यूब लावतात आणि खोली दवाखान्यासारखी करून टाकतात. तुमच्या घरात कोनाडे असतीलच. बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल अशा कोनाड्यात पिवळसर बल्ब ठेवा, पण बल्ब स्वतः दिसू देऊ नका. त्याच्यापुढे तांब्याचा गडू किंवा पितळी डबा ठेवा. उजेड मागच्या दगडावर पडतो, आपल्या वाळूच्या दगडाला मधासारखा रंग चढतो आणि छिन्नीच्या जुन्या खुणा एकेक दिसू लागतात. जुन्या घरात राहायला आलात, तर ही चैन कराच.

प्रश्न : सिटी सेंटरला पाचव्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉलची खिडकी पश्चिमेला, बेडरूमची दक्षिणेला. दिवाळीआधी जाड पडदे लावावेत का? दुकानदार ब्लॅकआउट पडदे घ्या म्हणतो.

दोन्ही खिडक्यांना एकच नियम लावू नका.

दक्षिणेची खिडकी म्हणजे तुमची लॉटरी आहे. ग्वाल्हेर साधारण २६ अक्षांशावर आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. ऑक्टोबरपासून तो दक्षिणेकडे कलतो आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारीही क्षितिजापासून फक्त चाळीस अंश वर असतो. हिशेब सोपा आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल, तर दुपारचं ऊन ऑक्टोबरच्या मध्यात पाच फूट आत येतं, नोव्हेंबरच्या मध्यात सात आणि डिसेंबरअखेर आठ फूट. बाहेर छज्जा असेल तर तो जेवढा पुढे आला असेल तेवढं यातून वजा करा. या उन्हाच्या पट्ट्यात खुर्ची, पलंगाचं पायथं किंवा आजींची बैठक आली पाहिजे. लोक नेमकं तिथे कपाट उभं करतात.

पश्चिमेची खिडकी आत्ता त्रास देणार. ऑक्टोबरात दुपारी दोन ते पाच तिथला पडदा ओढलेलाच बरा, एरवी संध्याकाळी हॉल भट्टी होतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून मात्र तोच पडदा दुपारी उघडा ठेवा.

ब्लॅकआउटची गरज नाही. साधं जाड सुती कापड घ्या आणि त्याला अस्तर लावून घ्या. कापडापेक्षा माप महत्त्वाचं. पडदा चौकटीच्या दोन्ही बाजूंना निदान सहा इंच जास्त आणि खाली जमिनीपर्यंत हवा. खिडकीच्या कडेशी संपणारा आखूड पडदा दिसतो छान, पण काचेजवळ गार झालेली हवा त्याच्या खालून सरळ पायांवर येते. दिवसा आतल्या बाजूला जुनी चंदेरी लावून बघा. ती नेसून झाली असेल, कुठे विरली असेल, तरी उन्हात तिचा काठ असा काही उजळतो की ती कपाटात ठेवावीशी वाटणार नाही.

आणखी एक. फ्लॅटच्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या खालच्या पन्हळीतून वारा सोडतात. तिथली लोकरीची पट्टी दोन-तीन वर्षांत झिजते. हार्डवेअरच्या दुकानात ती मीटरवर मिळते आणि सुताराचं हे अर्ध्या तासाचं काम आहे. पडद्यांआधी ते करून घ्या. दिवाळीच्या दिवसांत उन्हं उतरली की, म्हणजे पाचच्या सुमारास, खिडक्या बंद करायच्या. सूर्य मावळेपर्यंत थांबलात तर दिवसभराची ऊब निघून गेलेली असते. डासही त्याच वेळी आत येतात.

प्रश्न : खिडकीतला कूलर काढायचा की राहू द्यायचा? हे म्हणतात, दरवर्षी काढ-घाल कोण करणार.

यांना सांगा, काढा. खिडकीत कूलर म्हणजे भिंतीला दीड-दोन फुटांचं भगदाड. पंखा बंद असला तरी पात्यांमधून वारा येत राहतो, आणि तुम्ही हजारोंचा हीटर लावून बाहेरचा रस्ता गरम करत बसता. शिवाय टाकीच्या तळाला राहिलेलं बोटभर पाणी डेंग्यूच्या डासांना पुरतं, आणि हाच त्यांचा मोसम आहे. टाकी रिकामी करून घासा, उन्हात कोरडी होऊ द्या, खसाच्या किंवा लाकडाच्या किसाच्या जाळ्या काढून टाका. उतरवणं खरंच शक्य नसेल तर आतून मापाचा प्लायवूडचा तुकडा बसवा आणि कडांना फोमची पट्टी लावा. वरून नुसती चादर गुंडाळणं म्हणजे मनाचं समाधान.

प्रश्न : आमचे बाबा ऐंशीचे आहेत. त्यांना कोळशाच्या शेगडीशिवाय थंडी गेल्यासारखी वाटत नाही. नोव्हेंबर लागला की शेगडी खोलीत येते. दार थोडं उघडं ठेवतो. चालेल ना?

नाही चालणार. इथे मी गोड बोलणार नाही.

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते आणि झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत सगळं संपतं. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हा सर्वांत मोठा गैरसमज. राख चढलेले, धुमसणारे निखारेही हा वायू सोडत राहतात. दार "थोडं" उघडं असणं पुरत नाही, कारण थंडी वाढली की रात्री कुणीतरी ते लोटून घेतंच.

बाबांना शेगडी हवी ती नुसत्या उबेसाठी नसावी. तिच्याभोवती बसणं, हात शेकणं, गप्पा हेही त्यात आलं. तेव्हा शेगडी अंगणात किंवा गच्चीवर, संध्याकाळी सहा ते आठ, सगळ्यांनी मिळून. आठला ती बाहेरच विझवायची, त्यावर पाणी शिंपडायचं, मग आत यायचं.

खोलीसाठी तेलाचा रेडिएटर घ्या. तो सावकाश तापतो, पण ब्लोअरसारखा गरम वारा अंगावर सोडत नाही आणि त्यात उघडी लाल तार नसते. दोन हजार वॅटचा हीटर सलग चालला तर तासाला दोन युनिट वीज खातो. म्हणून झोपण्याआधी तासभर लावा, खोली तापली की थर्मोस्टॅटवर कमी करा. प्लग सोळा अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा. अंथरूण गरम करायला रबरी पिशवी झोपण्याआधी अर्धा तास पायथ्याशी ठेवा. बाबांना मधुमेह असेल तर ते आडवे होताना ती काढून घ्या, कारण पायांची जाणीव कमी झाली असेल तर चटका बसलेला कळत नाही. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर हाच वायू तिथेही होतो. गिझर बाहेरच्या बाजूला हवा.

प्रश्न : दिवाळीला हॉल रंगवायचा आहे. उबदार वाटेल असा कुठला रंग द्यावा? एका भिंतीला पावसाळ्यापासून ओल आहे.

रंगाचं नंतर बोलू, आधी ओल. त्या भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल अजून भिंतीतच आहे. त्यावर प्लास्टिक पेंट लावलात तर होळीपर्यंत पापुद्रे निघतील. कारण शोधा (बहुतेक वेळा गच्चीचं पन्हाळं किंवा बाथरूमचा पाइप निघतो) आणि ती भिंत या दिवाळीला तशीच सोडा. पाहुणे भिंत बघायला येत नाहीत, चिरोटे खायला येतात. घर जुनं आणि गिलावा चुन्याचा असेल तर चुन्याचाच हात द्या. त्यातून भिंत वाळत राहते.

रंग म्हणाल तर भडक केशरी नको. थोडी हळद मिसळलेल्या दुधाचा रंग असतो ना, तो. ट्यूबखाली सगळेच उबदार रंग आजारी दिसतात, म्हणून नमुना रात्री घरच्या दिव्याखाली बघून ठरवा.

प्रश्न : बल्बच्या खोक्यावर २७००, ४०००, ६५०० लिहिलेलं असतं. कुठला घ्यावा?

हा आकडा उजेडाच्या रंगाचा (केल्विनमध्ये); जितका लहान, तितका उजेड पिवळसर. बसण्या-झोपण्याच्या खोलीत २७०० किंवा ३०००, ओट्यावर ४०००. ६५०० गॅरेजमध्ये. दिवाळीची माळ घेतानाही "वॉर्म व्हाइट" मागा. निळसर पांढरी माळ पणत्यांशेजारी उपरी दिसते.

प्रश्न : आईच्या जुन्या कापसाच्या रजया आहेत, जड आणि गठ्ठे झालेल्या. टाकून देऊन फायबरच्या घ्याव्यात का? की ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यापर्यंत थांबू?

टाकू नका. कापूस दबला की त्यातली हवा जाते, आणि ऊब देते ती हवाच. पिंजून घेतला की कापूस पुन्हा फुलतो. पिंजणाऱ्याकडे आत्ताच द्या, डिसेंबरात त्याला मान वर करायला फुरसत नसते. खोळ जुन्या सुती साडीची शिवा. फायबरची रजई हलकी असते, धुता येते, मुलांसाठी ती ठीक. लोकरी कपडे काढाल तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा वास जायला दोन दिवस उन्हात ठेवा आणि मगच अंगावर घाला. मेळा १९०५ पासून भरतो आहे आणि यंदाही डिसेंबरअखेरच लागेल. तोवर तुम्ही महिनाभर कुडकुडलेल्या असाल. मेळ्यात खुशाल जा, पण खजला खायला.

प्रश्न : मी इंदूरची, शिकायला ग्वाल्हेरला आले. थाटीपूरला एक खोली भाड्याने घेतली आहे, उत्तरेला एकच खिडकी. हजार रुपयांत काही होईल का, ताई?

होईल गं. उत्तरेच्या खिडकीतून या दिवसांत ऊन येणार नाही, तेव्हा ती रात्री नीट बंद होईल एवढंच बघ. फटींना फोमची पट्टी आणि दाराखाली ब्रशची पट्टी लाव, फार खर्च नाही त्याला. एक सतरंजी घे, एक पिवळसर बल्ब आणि टेबलावर ठेवायचा साधा दिवा. पलंग खिडकीखाली असेल तर समोरच्या भिंतीकडे सरकव, पण भिंतीला अगदी चिकटवू नकोस. घरमालकांकडे गच्चीची किल्ली माग आणि रविवारी सकाळी गादी-पांघरूण वर टाक. चार वाजता, तापलेलं असतानाच, खाली आण आणि घडी घालून ठेव. फराळाचा डबा इंदूरहून येईलच. पैसे उरले तर चहाची किटली घे, पण ती आणि हीटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नकोस.