कोच स्वतः आलेच नाहीत, तर उरलेली फी द्यायची का?

प्रश्न थोडक्यात असा: सांगली जिल्ह्यात माझा चटण्या-मसाल्यांचा छोटा व्यवसाय आहे. पाच जणी कामाला येतात. पुण्याच्या एका बिझनेस कोचच्या शिबिरात 'वर्षात विक्री दुप्पट' असं ऐकलं आणि करार केला. बारा महिने, २४ सत्रं, फी तीन लाख अधिक १८ टक्के जीएसटी. निम्मे, म्हणजे १,७७,००० रुपये भरले. उरलेल्यासाठी ५९,००० चे पुढच्या तारखांचे तीन चेक दिले. पहिली तीन सत्रं सरांनी घेतली, पुढची चार त्यांच्या सहायकाने ऑनलाइन. विक्री आहे तिथेच आहे. पैसे परत मागितले तर 'नो रिफंड' दाखवतात, वर चेक बँकेत टाकू म्हणतात. मसाल्याचं प्रमाण आणि दुकानदारांची यादीही त्यांच्याकडे आहे. ग्राहक न्यायालयात जाऊ का?

उत्तर:

ताई, तुम्ही पाठवलेला करार मी तीनदा वाचला. तुमच्या पत्रात सगळा भर 'विक्री दुप्पट झाली नाही' यावर आहे, आणि तिथेच तुमची बाजू सगळ्यात कच्ची आहे. शिबिरातलं बोलणं तोंडी होतं. करारात मात्र 'निकालाची हमी नाही' असं स्पष्ट लिहून त्याखाली तुमची सही आहे. करार इंग्रजीत होता, नीट कळला नाही, हे मला पटतं. पण सही केल्यावर तेवढ्यावर कोर्टात सुटका होत नाही.

तुमची पक्की बाजू दुसरीकडे आहे. सत्रं कोण घेणार, या रकान्यात सरांचंच नाव आहे. 'किंवा आमचा प्रतिनिधी' असे शब्द सगळ्या करारात कुठेही नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ४० सांगतं की, वचन देणाऱ्याने ते स्वतःच पाळावं असा दोघांचा हेतू दिसत असेल, तर ते त्यानेच पाळायला हवं. कायद्यातलं उदाहरण चित्रकाराचं आहे: चित्र काढून देतो म्हटलं, तर त्यानेच काढायचं. तीन लाख रुपये तुम्ही सरांच्या अनुभवाचे मोजलेत, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाच्या स्लाइड्सचे नव्हे.

पण लगेच पुढचं कलम ४१ आहे. दुसऱ्याने केलेलं काम तुम्ही स्वीकारलंत, तर मूळ माणसाकडून ते पुन्हा मागता येत नाही. चार सत्रांना तुम्ही बसलात, आणि समोरचा वकील नेमकं यावर बोट ठेवेल. बरं झालं की दुसऱ्या ऑनलाइन सत्रानंतर तुम्ही 'सर कधी येणार?' असा मेसेज केला आणि 'पुढच्या वेळी नक्की' असं उत्तर आलं. म्हणजे हा बदल तुम्ही मान्य केला नव्हता. माझ्या मते तुमच्या सगळ्या कागदांत हा मेसेज सर्वात मोलाचा आहे. आता सहायकाच्या एकाही सत्राला बसू नका, आणि का बसत नाही ते आजच लेखी कळवा.

'नो रिफंड'ला घाबरून जाऊ नका. ते कलम शिकणारा मध्येच सोडून गेला तर, यासाठी असतं. स्वतः करार मोडणाऱ्याला त्याची ढाल करू देणं न्यायालयाला सहसा पटत नाही. शिवाय, काहीही नुकसान झालेलं नसताना रक्कम जप्त करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने कैलासनाथ असोसिएट्सच्या प्रकरणात २०१५ मध्ये याच करार कायद्याच्या कलम ७४ चा अर्थ लावताना सांगितलं आहे.

तरी पूर्ण पैसे मागू नका. एका सत्राचे जीएसटीसह १४,७५० रुपये होतात. सरांनी घेतलेल्या तीन सत्रांचे ४४,२५० वजा करा. १,३२,७५० परत मागा. सहायकाची चार सत्रंही धरायची वेळ आली, तर आकडा ७३,७५० वर येईल. तडजोड याच दोन आकड्यांच्या मध्ये होईल, हे मनात ठेवून बोला. (तुम्ही जीएसटीत नोंदणी करून त्या कराचं क्रेडिट घेतलं असेल, तर हिशोब कर सोडून करावा लागेल.)

आता चेक, कारण घाई तिथेच आहे. गुपचूप 'स्टॉप पेमेंट' देऊ नका. पेमेंट थांबवल्यामुळे चेक परत गेला तरी चेक न वटणं हा गुन्हा ठरवणारं कलम १३८ लागू होऊ शकतं, आणि चेक देणाऱ्याकडे देणं होतं असं कायदा आधी गृहीत धरतो. ते खोडण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून आधी वकिलामार्फत नोटीस पाठवा: करार तुम्ही मोडलात, म्हणून मी तो संपवते आहे, तिन्ही चेक परत करा. नोटीस पोचल्यावर मग बँकेला कळवा, आणि चेकच्या तारखेला खात्यात तेवढी रक्कम शिल्लक ठेवा, म्हणजे पैसे नव्हते म्हणून थांबवलं असं कोणी म्हणू शकणार नाही. आगाऊ दिलेला चेक आणि नंतर रद्द झालेली ऑर्डर असं प्रकरण इंडस एअरवेजच्या खटल्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलं होतं; तिथे वसूल करण्याजोगं देणंच नाही, असा निकाल झाला. तरीही चेक न वटल्याची नोटीस आलीच, तर हाती आल्यापासून पंधरा दिवसांच्या आत उत्तर गेलंच पाहिजे. ती नोटीस कपाटात ठेवून देणारे लोक मी फार पाहिले आहेत.

ग्राहक आयोगाबद्दल तुमचा हिरमोड करावा लागतो आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्यांना जी सवलत आहे, तिच्या स्पष्टीकरणात जुन्या कायद्यातला सेवांचा उल्लेख नव्या कायद्यात राहिला नाही. उरल्या फक्त वस्तू. छोट्या उद्योजकांवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. पण विक्री वाढवण्यासाठी घेतलेलं कोचिंग नफ्यासाठी नव्हतं, हे पटवणं अवघड आहे. दोन वर्षं त्यात घालवू नका.

करारात वाद पुण्याच्या लवादाकडे न्यायचा असं आहे, आणि लवाद सरांची कंपनीच नेमणार. असा एकतर्फी नेमलेला लवाद चालत नाही, हे पर्किन्स ईस्टमनच्या २०१९ च्या निकालापासून ठरलेलं आहे. त्यांनी नाव सुचवलं तर लेखी हरकत घ्या. पण एवढ्या रकमेसाठी लवादाचा खर्चच अंगावर येईल, म्हणून मी आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाईन. स्त्रियांना तिथे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं, आणि तिथे झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ असतं. पोलिसांत जाण्याचा विचार सोडा. फसवणुकीसाठी पहिल्या दिवसापासून खोटा हेतू दाखवावा लागतो, आणि सरांनी तीन सत्रं घेतलेली आहेत.

मसाल्याच्या प्रमाणाची मला जास्त काळजी वाटते. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, पण विश्वासाने दिलेली माहिती वापरण्यावर न्यायालय मनाई देऊ शकतं. नोटिशीत त्यासाठी वेगळा परिच्छेद घाला: काय काय दिलं, कोणत्या तारखेला, ते परत करा आणि कोणालाही देऊ नका.

पुढच्या मार्गदर्शनासाठी आधी तालुका कृषी कार्यालयात विचारा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल, कर्ज, अन्न परवाना यांत त्या मदत करतात आणि त्यांचं मानधन सरकार देतं.

प्राधिकरणात जाताना करार, जीएसटीचं बिल, बँकेचं स्टेटमेंट आणि फोन न्या. मेसेज पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागेल. फोन बदलायचा विचार असेल तर जुना विकू नका, आणि त्यातलं ते संभाषण एका अक्षरानेही पुसू नका.