मागच्या मार्जिनमध्ये काचेची खोली

प्रश्न : बडोद्याला सोसायटीत आमचं टेनामेंट, म्हणजे स्वतंत्र घर आहे. मागच्या मार्जिनमध्ये, म्हणजे घर आणि कंपाउंडमधल्या मोकळ्या जागेत, १० बाय १२ फुटांची काचेची खोली करायची आहे. कंत्राटदार म्हणतो, नटबोल्टवर उभी राहते, पाया नाही, म्हणून रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी) लागत नाही. खरं का? आणि छताला काच घ्यावी की पॉलिकार्बोनेट?
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर : कंत्राटदाराचं ऐकू नका. नटबोल्ट की सिमेंट, यावर काहीच ठरत नाही. छत पडलं, बाजू बंद झाल्या, की ते बांधकाम. मार्जिन उघडं ठेवण्यासाठीच असतं. मंजूर नकाशा काढा आणि मागच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत टेप लावा. नियमाला लागणारं मार्जिन सोडून जागा उरत असेल, तर तेवढ्याच पट्ट्यात खोली बसवता येईल. तिचं क्षेत्रफळ एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर मिळणाऱ्या एकूण बांधकामाच्या मर्यादेत धरलं जातं, म्हणून शिल्लक एफएसआयही तपासा. जागा उरत नसेल तर मार्जिनचा नाद सोडा आणि मागच्या व्हरांड्याला काच लावता येते का ते विचारा. त्यालाही सुधारित नकाशा लागतोच. अर्ज नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत करा, हद्दीत असाल तर महापालिकेकडे, बाहेर असाल तर वुडाकडे (बडोदा शहरी विकास प्राधिकरण). ‘सगळ्यांनीच शेड टाकल्यात’ हे उत्तर शेजाऱ्याची तक्रार गेल्यावर चालत नाही. घर विकतानाही बँकेचा माणूस नकाशा हातात घेऊनच मोजतो.

ड्रेनेजची चेंबर बहुधा मागेच असते. तिच्यावर लादी घातलीत, तर तुंबल्यावर फरशी फोडावी लागेल. झाकण उघडता येईल असंच ठेवा.

छताला नुसती टफन्ड (तापवून कडक केलेली) काच कधीही नको. ती फुटली की तुकड्यांचा पाऊस डोक्यावर पडतो, आणि क्वचित ती आपोआपही फुटते. लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचा मधल्या थराने चिकटवलेली घ्या; तिचे तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. ६ अधिक ६ मिलिमीटरची काच चौरस मीटरला ३० किलोहून जास्त भरते, म्हणून सांगाड्याचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या.

पॉलिकार्बोनेट हलकं, पण हलकं छत वारा उचलतो. बडोद्यासाठी भारतीय बांधकाम मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे; नुसत्या त्या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. म्हणून खांब लादीत नव्हे, काँक्रीटमध्ये अँकर करा. शिवाय हा पत्रा उन्हाने वाढतो. ४० अंशांच्या फरकाला ३ मीटरची शीट जवळजवळ ८ मिलिमीटर वाढते. स्क्रूचं भोक घट्ट पाडलं की तिथेच तडा जातो आणि पावसात गळतं. भोक मोठं पाडून रबरी वॉशर लावा, उन्हापासून वाचवणाऱ्या युव्ही थराची बाजू वर ठेवा, शीटच्या आतल्या पोकळ नळ्या उताराच्या दिशेने बसवा.

पश्चिमेकडची खोली मे महिन्यात भट्टी होते. गरम हवा वर साठते, तेव्हा छताजवळ उघडणारी खिडकी आधीच नकाशात दाखवा.