ओव्हरीच्या कॅन्सरवर गेल्या काही वर्षांत खरंच काही नवीन आलंय का, की अजून फक्त ऑपरेशन आणि किमोच?

आलंय, आणि बरंच आलंय. सगळ्यात मोठा फरक पडला तो पार्प इनहिबिटर गोळ्यांमुळे, म्हणजे ओलापॅरिब, निरापॅरिब वगैरे. ज्यांच्या बीआरसीए जीनमध्ये बिघाड असतो त्यांच्या कॅन्सरच्या पेशींना तुटलेला डीएनए नीट जोडता येत नाही, त्या पार्प नावाच्या दुसऱ्या वाटेवर तग धरून असतात, गोळी नेमकी तीच वाट बंद करते आणि पेशी मरते. सोलो-१ ट्रायलमध्ये बीआरसीए बिघाड असलेल्या, किमोला चांगला रिस्पॉन्स दिलेल्या बायकांना ओलापॅरिब २ वर्षांपर्यंत दिलं, तर ७ वर्षांनी साधारण ६७% हयात होत्या, नुसती डमी गोळी घेणाऱ्यांत ४६.५%. स्टेज पुढची असताना हा आकडा खूप मोठा आहे हो! म्हणून निदान झालं की बीआरसीए आणि एचआरडी (कॅन्सरच्या पेशींना तुटलेला डीएनए नीट जोडता येतो का ते बघणारी) टेस्टबद्दल डॉक्टरांना विचाराच, प्लीज टाळू नका.

प्लॅटिनम किमो (कार्बोप्लॅटिनसारखी नेहमीची किमो) चालेनाशी झाली तर मिरवेटक्सिमॅब आहे, अँटिबॉडीला बांधलेलं किमोचं औषध, पण ट्यूमरवर फोलेट रिसेप्टर अल्फा नावाचं प्रोटीन भरपूर असेल तरच देतात, आणि डोळ्यांना त्रास होऊ शकतो म्हणून डोळ्यांची तपासणी चालू ठेवावी लागते.

स्क्रीनिंगचं, म्हणजे लक्षणं नसतानाच तपासून कॅन्सर पकडण्याचं, मात्र अजून जमलेलं नाही. ब्रिटनमध्ये २ लाखांवर बायकांवर अभ्यास झाला, २०२१ मध्ये निकाल आला, सीए-१२५ ही रक्ताची टेस्ट आणि सोनोग्राफी यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. त्यामुळे पोट सतत फुगणं, थोडं खाल्लं की पोट भरणं, वारंवार लघवीला लागणं, असं नव्याने सुरू होऊन दोन-तीन आठवडे राहिलं तर गॅस म्हणून सोडून देऊ नका, गायनॅकला दाखवा.