नव्या सिलेंडरचे पैसे घेतले, घातलं नुसतं किट

प्रश्न (कराडहून एक वाचक): माझी 2009 ची टाटा 407 आहे. मी स्वतःच चालवतो, चिपळूणकडे भाजीची भाडी मारतो. मागच्या चाकांचे व्हील सिलेंडर (ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणारे भाग) गळत होते म्हणून गॅरेजला नवे टाकून घेतले. 6,800 रुपये मोबाइलवरून दिले, बिल साध्या चिठ्ठीवर. मग दोन दिवस पॅडल खाली जायला लागलं, मी ब्रेक ऑइल टाकून चालवत राहिलो. सतराव्या दिवशी कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकच लागेना. गिअर आणि हँडब्रेकवर गाडी कठड्याला घासून थांबली. कुणाला लागलं नाही, पण पुढची बाजू गेली. विमा फक्त थर्ड पार्टी. टोचन करून गाडी त्याच गॅरेजला आणली, तर तो दुरुस्तीचे 31,000 सांगतो आणि दुसऱ्या गाडीची 12,000 जुनी बाकी दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही म्हणतो. खोललेल्या सिलेंडरचा फोटो पाठवतोय. धंद्याची गाडी म्हणून ग्राहक कोर्टात जाता येत नाही, हे खरं का?

उत्तर: आधी फोटोचं बोलू. सिलेंडरच्या बोअरला, म्हणजे आतल्या भिंतीला, गंजाचे खड्डे दिसतात. नवा सिलेंडर सतरा दिवसांत असा गंजत नाही. माझा अंदाज असा, की जुनाच सिलेंडर घासून त्यात नवे रबर, म्हणजे नुसतं किट टाकलंय आणि पैसे नव्या सिलेंडरचे घेतलेत. खड्ड्यावरून रबराची कड रोज घासली जाते आणि तिथून ऑइल झिरपतं. पण रबर फुगलेले निघाले, तर गोष्ट पालटेल. ब्रेक ऑइलच्या जागी खनिज तेल पडलं की ते रबर फुगतं, आणि गॅरेजवाल्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील: वरून ऑइल कुणी टाकलं? तुम्ही टाकलंत. ती बाटली जपून ठेवा.

तुमचा साक्षीदार हा सिलेंडर आहे आणि तो सध्या विरुद्ध पक्षाच्या फळीवर पडलाय. आजच दोन माहितगार माणसं घेऊन जा, रबरासकट दोन्ही सिलेंडर ताब्यात घ्या, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पिशवीत घालून सील करा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. तो देत नसेल तर तेवढंच मागणारा मेसेज त्याला पाठवा. नकारही पुराव्यात येतो. पुढे ग्राहक आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 मध्ये तशी सोय आहे, तपासणीची फी मात्र तुम्हाला भरावी लागते.

आता ‘धंद्याची गाडी’. जो तुम्हाला हे सांगतो त्याने कायदा अर्धाच वाचलाय. व्यापारी हेतूने घेणारा ग्राहक नसतो, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन वापरणारा त्यातून वगळलाय. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरणच दिलंय: स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहक आहे. दुसऱ्याच्याच हाती चालवायला देणारा नाही.

इथे तुम्ही सहज लिहून गेलेलं एक वाक्य मला खटकतं: ‘दुसरी गाडी’. ती भावाच्या नावावर असेल तर आरसी बुकाची प्रत काढा, प्रश्न मिटला. ती तुमचीच असून पगारी ड्रायव्हर चालवत असेल, तर ‘हा वाहतूक व्यावसायिक आहे’ अशी हरकत येणार हे धरून चाला. एका जादा गाडीने दावा बुडतोच असं नाही, पण 407 तुम्हीच चालवता आणि घर त्यावरच चालतं, हे कागदांनी दाखवावं लागेल. आयोगाने नाहीच ऐकलं तर दिवाणी दावा आहे. तो सावकाश चालतो, पण दार बंद नाही.

गाडी अडवण्याबद्दल गॅरेजवाला निम्मा बरोबर आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 170 नुसार ज्या वस्तूवर कष्ट घेतले तिची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. पण फक्त त्याच वस्तूची, आणि तुम्ही सांगितलेल्या कामाची. जुन्या बाकीसाठी दुसरीच वस्तू अडवायचा हक्क कलम 171 ने बँकर, आडते, धक्केवाले (बंदराच्या धक्क्यावर माल ठेवून घेणारे), हायकोर्टाचे अॅटर्नी आणि विमा दलाल यांना दिलाय. त्या यादीत मिस्त्री नाही. 12,000 साठी 407 अडवता येत नाही. 31,000 चा तर नुसता अंदाज आहे, काम झालेलं नाही. खोलण्याची मजुरी मागितली तर ‘हक्क राखून’ असं लिहून ती मजुरी द्या आणि गाडी दुसरीकडे हलवा. पोलिसांत जायची घाई नको. ते बहुधा दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील आणि तुमचा आठवडा जाईल.

एक कडू गोष्ट सांगतो. पॅडल खाली जात असताना तुम्ही दोन दिवस गाडी चालवलीत, तीही घाटात. मोटार वाहन कायद्याचं कलम 190 ज्याला दोष माहीत आहे, किंवा साध्या काळजीने कळला असता, त्यालाही धरतं. कुणी जखमी झालं असतं तर ‘ब्रेक फेल’ म्हणून सुटका नव्हती. दोष लपलेला होता आणि आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे मालकालाच सिद्ध करावं लागतं. आज याचा परिणाम इतकाच, की भरपाईत काही कपात होऊ शकते. ही गोष्ट तक्रारीत लपवू नका. उलटतपासणीत ती निघतेच आणि मग खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

चिठ्ठीची काळजी करू नका. पैसे गेल्याची बँकेची नोंद आणि मेसेज चालतात, मात्र सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. रीतसर बिल न देणं हा गॅरेजवाल्याच्याच अंगाशी येणारा मुद्दा आहे. बुडालेल्या भाड्यांसाठी मागच्या तीन-चार महिन्यांच्या बिल्ट्या, म्हणजे माल वाहिल्याच्या पावत्या, काढा. तोंडी ‘रोजचे चार हजार’ कुणी धरत नाही.

तक्रार सातारा जिल्हा आयोगात करता येईल. दोन वर्षांची मुदत आहे, आणि दिलेला मोबदला 5 लाखांच्या आत असल्याने फी नाही. त्याआधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. नोटिशीत मागण्या तीनच ठेवा: 6,800 परत, कठड्याला घासल्याचा खर्च, बुडालेली भाडी. पण पोस्टात जाण्याआधी गॅरेजला जाऊन सिलेंडर आणा.