सात महिन्यांच्या बाळाच्या कवटीच्या ऑपरेशनमध्ये काय गुंतागुंत होऊ शकते?

बाळाच्या कवटीची शिवण (हाडांमधला सांधा) वेळेआधी जुळली आहे, ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, आणि घरचे म्हणतायत ‘दिसण्यापुरतंच तर आहे, कशाला धोका घ्यायचा’, असं तुम्ही लिहिलंय. ते शेवटचं वाचून राहवलं नाही.

दिसण्यापुरतं नसतं हो. पहिल्या वर्षात मेंदू झपाट्याने वाढतो. कवटीने जागा दिली नाही तर काही मुलांत आतला दाब वाढतो.

खरी भीती रक्तस्रावाची. सात किलोच्या बाळाच्या अंगात रक्तच असतं साडेपाचशे मिलिलिटरच्या आसपास. कवटी उघडून करायच्या ऑपरेशनमध्ये रक्त बहुतेकदा चढवावंच लागतं, त्याला घाबरू नका. रक्त आधी राखून ठेवलंय का, ट्रानेक्झामिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) देणार का, भूलतज्ज्ञ लहान बाळांचे आहेत का, हे मात्र तोंडावर विचारा. मेंदूवरचं आवरण फाटणं, जंतुसंसर्ग, शिरेत हवा शिरणं हेही होऊ शकतं.

आमच्या लेकीची कपाळावरची शिवण होती. डोळे सुजून मिटतील, हे सर्जननी आधीच सांगितलं होतं. तसेच मिटले. पापण्या जांभळ्या, ताणून चकचकीत झालेल्या. ती माझी हनुवटी चाचपायची, आवाज ऐकला की शांत व्हायची. नेमके तेव्हाच मोठे दीर आले. “पोरीची काय दशा करून ठेवलीत!” म्हणाले आणि फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मग दिवसभर फोन, आणि प्रत्येकाला मीच समजावायचं. पुढे सूज उतरली, लेक टकामका बघायला लागली. तेव्हाचा फोटो मात्र त्यांनी काही ग्रुपवर टाकला नाही.

म्हणून सांगते, सूज असेपर्यंत भेटणारे बंद. कुणी रुसलं तर रुसू दे.

हां, हे सगळं एकाच शिवणीबद्दल. जास्त शिवणी जुळल्या असतील किंवा सिंड्रोम (अनेक जन्मजात दोष एकत्र असलेला आजार) असेल तर पुन्हा ऑपरेशन लागायची शक्यता वाढते. आणि नुसतं एका कुशीवर झोपून डोकं चपटं झालेलं असेल तर ऑपरेशन लागतच नाही. मी डॉक्टर नाही, पण घरी आल्यावर जखमेतून पाणी गळलं, बाळ सुस्त पडलं किंवा सारख्या उलट्या झाल्या तर सकाळची वाट बघू नका. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही पुढे चालू ठेवा, दाब पुन्हा वाढला तर तिथे कळू शकतो.

‘दिसण्यापुरतं’ म्हणणाऱ्यांना पुढच्या ओपीडीला सोबत न्या, सर्जनसमोर म्हणू देत. आमच्या दिरांना मी दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा त्यांना काम निघालं.